बोंड्याचं पोट

रतिलालभाऊंनी पिल्लू आणलं ते केळीच्या बागेतून, टोपीत घालून. फैजपूरच्या रस्त्यावर एका ट्रकखाली पिल्लाची आई गेली होती. चार पिल्लांतलं हे एकच बांधाच्या कडेला कण्हत उरलं होतं. दीडेक महिन्याचं असेल. अंग पांढरंशुभ्र, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं, म्हणून नाव बोंड्या पडलं. "मळ्याले राखण होईल," असं म्हणून भाऊंनी टोपी प्रमिलाबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि ते हातपाय धुवायला गेले. घरात काही आणायचं भाऊंनी आणि ते निस्तरायचं प्रमिलाबाईंनी, अशी बत्तीस वर्षांची वाटणी होती.

एकुलती एक मुलगी पुनम धुळ्याला दिली होती. घरात आता ही दोघंच. दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ. प्रमिलाबाई गावच्या महिला भजनी मंडळात पहिल्या ओळीत बसायच्या. आवाज फार गोड नव्हता, पण चढाची चाल त्यांच्याशिवाय कोणाला उचलता यायची नाही.

पिल्लाला त्यांनी खायला घातलं ते सगळे घालतात तेच, दुधात कुस्करलेली पोळी. बोंड्या वाटीत पाय घालून खायचा. तिसऱ्या दिवशी त्याला पातळ व्हायला लागलं. शेजारच्या लताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "गावठी कुत्रं हाये, दगड पचवते ते. दूध वाढव जरा, अंग धरीन." लताबाई भजनी मंडळाच्या पुढारी. त्यांचं सहसा कोणी मोडत नसे. प्रमिलाबाईंनी दूध वाढवलं. मग कोणी ताक सांगितलं, कोणी सुंठ उगाळून द्यायला सांगितली, तेही झालं. पाचव्या दिवशी सकाळी अंगणात रक्त दिसलं. पिल्लू जिन्याखाली मान टाकून पडलं होतं. हात लावला तर कान गार.

भाऊ म्हणाले, "नसीन जगायचं त्याले. जनावराचं असंच राह्यते."

प्रमिलाबाईंनी जुन्या लुगड्याच्या धडप्यात पिल्लू गुंडाळलं आणि फाट्यावर जाऊन फैजपूरच्या रिक्षात बसल्या. दोन मैल गेल्यावर धडपा ओला झाला आणि रिक्षात वास पसरला. रिक्षावाल्यानं गाडी कडेला घेतली. "बाई, उतरा. पॅसेंजर खोळंबले."

"मी इथंच बसते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "फैजपूर आलं की सांग."

तो दोन मिनिटं थांबला. बाई हलल्या नाहीत. मग त्यानंच गिअर टाकला.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी, शेळ्या आणि एक पाय मोडलेलं वासरू एवढ्यांची रांग होती. डॉक्टर सुलक्षणा वयानं पुनमएवढी. तिनं पिल्लाच्या हिरड्या दाबून पाहिल्या, पाठीची कातडी चिमटीत उचलून सोडली, कातडी सावकाश खाली बसली. शीचा नमुना चाचणीच्या पट्टीवर आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि पंधरा मिनिटांनी म्हणाली, "पार्वोचा जीवघेणा आजार नाही, हे नशीब. पोटात जंत आहेत. आणि दूध कोणी पाजलं?"

"मीच. सगळेच पाजतात."

"गाईम्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, मावशी. त्यात पोट आधीच बिघडलेलं."

"पण हे गावठी हाये."

डॉक्टर सलाइनची सुई कातडीखाली सरकवत होती. मान वर न करता म्हणाली, "गावठी असलं म्हणून काय झालं? पोट ज्याचं त्याचं असतं."

हे वाक्य प्रमिलाबाईंनी घरी येताना रिक्षात मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. बत्तीस वर्षांत असं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःला तुरीच्या डाळीनं छातीत जळजळायचं. सासू असताना त्यावर "नखरे" एवढाच शब्द होता. पुढे त्या डाळ मुकाट खायच्या आणि मुकाट ओवा चघळायच्या.

जंताचं औषध, चमच्याचमच्यानं मीठसाखरेचं पाणी आणि गिचका भात, दिवसातून पाच वेळा, दर वेळी मूठभर. उपाशी ठेवायचं नाही, एकदम खूप द्यायचं नाही. आठवड्यात बोंड्या उभा राहिला आणि शेपूट हलवायला लागला. पण बरगड्या मोजता येत होत्या. डॉक्टर म्हणाली, "नुसत्या भातावर हे वाढायचं नाही. कुत्र्याच्या पिल्लाला मांसाहार लागतो. पाकिटातलं खाणं आणता येईल, पण त्याच्या पोटाचं काय चाललंय ते आपल्याला कळत नाही तोवर एकच साधी गोष्ट देऊ. उकडलेलं अंडं चालेल का तुमच्याकडे?"

प्रमिलाबाईंनी माळेला हात लावला. डॉक्टरच्या ते लक्षात आलं. "नाहीतर दुसरं काही बघू," ती म्हणाली.

"दुसरं म्हणजे?"

"तेही मांसाहारीच."

"मग अंडंच सांगा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

घरात अंडं कधी आलं नव्हतं. भाऊंच्या वडिलांच्या वेळेपासून नाही. प्रमिलाबाईंनी ते पिशवीत लपवून आणलं नाही. हातात धरून आणलं, दुकानापासून घरापर्यंत, भरदुपारी. अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल मांडली, एक जुनं जर्मनचं पातेलं काढलं आणि पाणी उकळायला ठेवलं. लताबाई कुंपणाशी आल्या. मागोमाग भाऊही बाहेर आले.

"प्रमिलाबाई, हे काय करू राह्यल्या?" लताबाईंनी विचारलं.

"अंडं उकडते."

"गळ्यात माळ घालून?"

"माळ माह्या गळ्यात हाये, लताबाई. कुत्र्याच्या नाई."

लताबाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंना काही तरी बोलणं भाग होतं. "घराले बाट लागीन," ते म्हणाले.

"म्हणून तर बाहेर चूल मांडली. पातेलं वेगळं, चमचा वेगळा. मी खात नाई, तुम्हाले वाढत नाई. त्याच्या मायला ट्रकनं मारलं, ती असती तर तिनं उंदीर आणला असता. तिले तुम्ही माळ घातली असती का?"

भाऊ आत गेले. ते रागावले की आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्या दिवशी आवाज बराच मोठा होता.

पहिले तीन दिवस बोंड्यानं अंडं-भात चाटूनपुसून खाल्ला. चौथ्या दिवशी तो मागच्या पायानं कान खाजवायला लागला. पाचव्या दिवशी कान आतून लालभडक, पंजांच्या बेचक्या चाटून चाटून ओल्या, आणि संध्याकाळी पुन्हा पातळ, शेंबडासारखी आव. प्रमिलाबाई अंगणात पाणी ओतत होत्या तेव्हा भाऊ ओट्यावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "देवानं दाखोलं तुले."

प्रमिलाबाईंनी बादली खाली ठेवली. सगळ्या गल्लीदेखत त्यांनी जे रेटलं होतं ते चुकलं होतं, आणि ते अंगणभर दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "देवाले माह्याशी बोलायचं असलं तर माह्याशी बोलीन. या दोन महिन्यांच्या जिवाच्या पोटात कळ कायले आणीन तो?"

दुसऱ्या दिवशी त्या परत रिक्षात. डॉक्टरनं कान पाहिले, शी तपासली, जंत नव्हते. "अंडं याला मानवत नाही असं दिसतंय. कोंबडीही नको आता, उगाच धोका कशाला. दूध नाही, आणि गहूही संशयात. आपण असं करू, त्यानं आजवर कधीच खाल्लं नाही असं एक मांस आणि पचलेला भात. बस. सहा ते आठ आठवडे फक्त तेवढंच. मध्ये दुसरा एक कण गेला तरी हिशेब पहिल्यापासून. वाढत्या वयाचं आहे, म्हणून कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वाची पूड मी देते, ती वरून घालायची."

"कधीच खाल्लं नाई असं काय?"

डॉक्टर थोडी घुटमळली. "मासे."

प्रमिलाबाईंनी विचारलं, "काटे कसे काढतात?"

तापीच्या पुलाखाली भिकन नावाचा भोई मासे विकायचा. बस पुलावरून जाताना प्रमिलाबाई तिथं कायम नाकाला पदर लावायच्या. आता त्या पायऱ्या उतरून खाली गेल्या. भिकननं माळ पाहिली आणि म्हणाला, "अक्का, रस्ता चुकला का?" त्यांनी सगळं सांगितलं. भिकन हसला नाही. त्यानं बायकोला हाक मारली. त्या बाईनं प्रमिलाबाईंना शेजारी बसवून दाखवलं: मासा नुसत्या पाण्यात कसा उकडायचा, मीठ नाही, हळद नाही, तेल नाही, पाठीचा काटा एका ओढीत कसा निघतो, आणि बारीक काटे बोटाच्या पेरानं चाचपून कसे वेचायचे. "डोळ्यावर भरोसा ठेवू नका," ती म्हणाली, "बोटावर ठेवा. आन् हाताले वास राह्यला तर चिंच घासा."

पहिल्या दिवशी मासा हातात घेताना प्रमिलाबाईंना ओकारी आली. मळ्यातल्या खोलीत स्टोव्ह होता, तिथं त्यांनी हे काम ठेवलं. त्या पाठमोऱ्या होऊन दोनदा बाहेर जाऊन आल्या, तिसऱ्यांदा मात्र काटा ओढला. मांस भातात कालवलं, पूड घातली, पेराएवढे गोळे केले आणि एकेक बोटानं दाबून पाहिला. बोंड्यानं खाल्लं. त्या रात्री त्या स्वतः जेवल्या नाहीत. माळ मात्र गळ्यातच होती. ती काढून ठेवावी की काय, हा विचार आला होता. मग त्यांना वाटलं, काढून ठेवली तर ते चोरून केल्यासारखं होईल.

बातमी लपण्यासारखी नव्हती, त्यांनी लपवलीही नाही. आठवड्यानं एकादशी आली. त्या देवळात गेल्या तेव्हा लताबाईंनी दारातच गाठलं. "मंडळाचं ठरलं हाये, प्रमिलाबाई. मागं बसा. टाळाला आणि प्रसादाला हात लावू नका. कुत्र्याचं आवरलं की मग पाहू."

"मंडळाचं म्हणजे कोणाकोणाचं?"

लताबाई म्हणाल्या, "सगळ्यांचं."

आतल्या बायका जमिनीकडे पाहत होत्या. प्रमिलाबाई परत फिरल्या. त्या दिवशी त्या मागे बसल्या नाहीत आणि पुढेही बसल्या नाहीत, घरी आल्या. चालताना रडू आलं ते त्यांनी रस्त्यावरच पुसलं, कारण घरी भाऊ होते.

घराच्या दारावर त्यांनी कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं: बोंड्याला कोणीही काहीही देऊ नये. पुनमच्या जुन्या वहीत रोजचं टिपायला लागल्या. सकाळी किती खाल्लं, शी कशी, कान कसे, खाजवलं का. पंधरा दिवस सगळं छान गेलं. शी घट्ट, कानांचा लालपणा उतरला, पाठीवर मूठभर मांस आलं. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा पातळ. प्रमिलाबाईंनी मासा पुन्हा पाहिला, भात पाहिला, पाणी पाहिलं. काही सापडेना. तीन दिवसांनी भाऊंचा सदरा धुवायला काढला तर खिशातून बिस्किटाचा चुरा पडला.

भाऊंना चहाबरोबर बिस्किटं लागायची, पण ती घरात, बशीत. मळ्यात जाताना खिशात कधीपासून?

त्यांनी चुरा तळहातावर घेतला आणि ओट्यावर भाऊंपुढे धरला. "हे काय?"

भाऊ तळहाताकडे पाहत म्हणाले, "तो माह्याकडे पाहते. मी चहा प्यायला बसलो की येऊन पाहते."

"रोज देता?"

"अर्धंच."

"त्यात गहू हाये. त्यात दूध हाये. मी तापीच्या काठी जाऊन बसते, माशाचं पोट फाडते, गावात तोंड लपवावं लागावं असं बोलणं ऐकते, आणि तुम्ही अर्धंच देता." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर भाऊंना सोपं गेलं असतं. "एक ठरवा. नाहीतर तुमच्या हातानं त्याले मारून टाका, पण हळूहळू नका मारू."

भाऊ उठले. आत जाऊन त्यांनी टीव्ही लावला नाही. बिस्किटाचा डबा घेतला आणि शेजारी देऊन आले. वहीत त्या दिवसाच्या पानावर प्रमिलाबाईंनी लिहिलं: हिशेब पहिल्यापासून.

महिना होत आला होता तेव्हा धुळ्याहून फोन आला. पुनमला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात घातलं होतं. जाणं भाग होतं, आणि किती दिवस लागतील ते सांगता येत नव्हतं. प्रमिलाबाईंनी बॅग भरली, मग बोंड्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"डॉक्टरकडे ठेवून येते त्याले," त्या म्हणाल्या.

"ती म्हशी पाहीन का याले?" भाऊ म्हणाले. "जा तू. वही ठेवून जा."

धुळ्याला पुनमला मुलगी झाली. बाळ आणि आई दोघी सुखरूप. विहीणबाई दर तासाला खोलीत डोकावून अहिराणीत म्हणायच्या, "बठ्ठं चांगलं शे, काळजी नका करू." प्रमिलाबाई नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या असताना दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"पुनमची माय, मासा किती वेळ उकळायचा?"

त्यांनी नात पुनमकडे दिली आणि व्हरांड्यात आल्या. "कोण उकळू राह्यलं?"

"कोण म्हणजे? मी. भिकनकडून आणला. त्यानं साफ करून दिला, पण काटे ठेवले त्यानं."

"मांस काट्यापासून सुटलं की झाला. बोटानं चाचपा. डोळ्यावर भरोसा नका ठेवू."

"तीनदा चाचपलं." फोनमधून स्टोव्हचा आवाज येत होता. "तू हे करताना माळ काढून ठेवायची का?"

"नाई."

"मग मीबी नाई काढली," भाऊ म्हणाले. "हाताचा वास जात नाई."

"चिंच घासा. फडताळात वरच्या बरणीत हाये."

अकरा दिवसांनी त्या परत आल्या. वहीत अकरा पानं भाऊंच्या अक्षरात भरली होती, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर सुटं. एका पानावर लिहिलं होतं: कान स्वच्छ. दुसऱ्यावर: लताबाई कुंपणावरून बोलल्या. मी काही ऐकलं नाही. बोंड्या धावत आला तो वजनानं प्रमिलाबाईंच्या गुडघ्याला धडकला.

पुढच्या एकादशीला त्या देवळात गेल्या. पाय धुतले, आत गेल्या आणि पहिल्या ओळीत त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या. खांबाला टांगलेले टाळ त्यांनी स्वतः उतरवून घेतले. लताबाई पुढे आल्या.

"ठरलं होतं, प्रमिलाबाई."

"तुमचं ठरलं होतं. माह्यं आज ठरलं." त्या बसल्या जागेवरून बोलत होत्या, पण देवळात सगळ्यांना ऐकू जात होतं. "मी मासे शिजवते. रोज दोनदा. चोरून नाई, सांगून. उद्याही शिजवीन. तो खाते, मी खात नाई. ज्या घरी मांजर उंदीर खाते त्या घरच्या बाईनं उठून मागं जावं, मीबी तिच्यासंगं जाते."

कोणी उठलं नाही. गावात मांजर नाही असं घर नव्हतं. कोणाचं तरी हसू फुटलं आणि पदरात दाबलं गेलं. लताबाई लाल झाल्या. "भाऊंले चालते का हे?" त्यांनी शेवटचं विचारलं.

"त्याहींलेच विचारा. अकरा दिवस त्यांनीच शिजवलं."

लताबाई वळल्या आणि मागच्या खांबाशी जाऊन बसल्या. त्यांच्याबरोबर तीन बायका गेल्या. दिपमाला नावाची एक तरुण सून अर्धवट उठली होती, ती सासूकडे पाहून पुन्हा खाली बसली. सासूनं तिच्या हातात टाळ दिले.

प्रमिलाबाईंनी चढाची चाल उचलली. पहिलं कडवं फाटक्या आवाजात गेलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या ओळीतल्या सगळ्या बायका बरोबर गायला लागल्या. मागच्या खांबाशी बसलेल्या चौघींनी बराच वेळ ओठ मिटून धरले होते. त्यांच्याकडे वळून बघायची प्रमिलाबाईंना गरज वाटली नाही. भजन संपलं तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. त्यांनी टाळ खांबाला टांगले, प्रसादाच्या ताटातून स्वतःच्या हातानं खडीसाखर उचलली, एक खडा तोंडात टाकला आणि बोंड्याच्या खाण्याची वेळ झाली म्हणून मळ्याच्या वाटेला लागल्या.